बंपरवरच्या तीन सायकली

डिसेंबर लागला की आमच्या नाशिकला पहाटेचा एक वास येतो. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार बागेच्या कडेनं ओला पालापाचोळा पेटवतात आणि तो धूर वेलींवर पांघरतात. वारा शहराकडे असला तर धूर थेट आमच्या गॅलरीपर्यंत येतो, दोरीवरच्या कपड्यांत शिरतो. शेजारच्या बाई नाक मुरडून कपडे आत नेतात. मी मात्र स्वेटर चढवून बाहेर येते आणि चार श्वास जास्तच घेते. आईच्या सायकल शिकण्याची सगळी आठवण त्या धुरात आहे.

अलीकडे हिवाळ्याबरोबर आणखी एक गोष्ट यायला लागलीय. रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला एखादी मोठी गाडी दिसते आणि तिच्या मागच्या बंपरला दोन सायकली बांधलेल्या असतात. हौशी मंडळी डोंगरापर्यंत गाडीनं जातात आणि तिथून पुढे सायकल मारतात. चांदवडच्या आमच्या आत्यानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे घोडा हाय, पन तो बैलगाडीत बसून येतो!" मी हसले, पण मला त्या लोकांची थट्टा करायचा अधिकार नाही. मागच्या बंपरवर सायकली बांधून त्या रस्त्यानं निघालेलं पहिलं कुटुंब बहुधा आमचंच असेल. अजूनही अशी गाडी दिसली की माझी नजर आधी तिच्या मागच्या चाकांकडे जाते. गाडी मागे बसलीय का, सायकली कशा बांधल्यात, हे मी वळून वळून बघते. नवरा म्हणतो, तू आरटीओत असायला हवी होतीस.

ते नव्वदच्या दशकाच्या मधलं एक वर्ष होतं. आम्ही ओझरला कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. बाबा विमानाच्या कारखान्यात पत्र्याच्या कामाचे फिटर. मी अकरावीत. आई घरी असायची, पण लग्नाआधी तिनं नर्सिंगचा कोर्स केला होता. ते सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत होतं. साड्या उन्हाला घालायच्या दिवशी तेही उन्हाला निघे, आई ते एकदा वाचे आणि परत ठेवून देई. त्या वर्षी तिनं कुणाला फारसं न सांगता एक अर्ज केला, मुलाखत दिली, आणि ऐन दिवाळीत फराळाच्या डब्यांमध्ये नेमणुकीचं पत्र येऊन पडलं. आरोग्यसेविका. हरसूलच्या पलीकडचा एक पाडा. महिन्याभरात हरसूलच्या आरोग्य केंद्रात हजर व्हायचं आणि नेमणुकीच्या जागीच मुक्कामाला राहायचं.

आई-बाबा जागा बघून आले. दवाखान्याची म्हणून जी खोली होती तिचं छप्पर पावसाळ्यात बसलं होतं आणि आत एक शेळी व्यायली होती. भाड्यानं खोली मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पाड्यावरच्या लोकांनी जागा दिली असती, पण त्यांच्या एकेका खोलीत माणसं, गाईगुरं आणि भाताची कणगी आधीच दाटीवाटीनं राहत होती. रोज ओझरहून जाऊन येऊन करावं तर बसचा मेळ बसेना. आणि ही तारीख चुकली तर पुन्हा नाही, कारण आईच्या वयाची अट त्याच वर्षी संपत होती.

आत्या तेव्हा दिवाळीला आली होती. बाबांची ती मोठी बहीण, घरात तिचा शब्द चाले. "नको म्हनून कळव त्यान्ला, सुमन," ती आईला म्हणाली. "चाळिशीला आली तू. लेक कालेजात हाय. आता डोंगरात जाऊन कोनाला सुया टोचायच्या?"

 आईनं त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली, एवढंच. मला तिच्याकडे बघवेना. घरातल्या प्रत्येकाच्या वेळा सांभाळत आलेल्या बाईची स्वतःची वेळ एकदाच आली होती आणि ती एका छपरापायी चालली होती.

गंमत अशी की वाट काढली ती आत्यानंच, आणि तीही न कळता. दुसऱ्या दिवशी चहा पिताना कोंबड्यांचा विषय निघाला. आत्या म्हणाली, "आमच्या तिकडं त्या खडीवाल्याच्या कोंबड्यांची काय ऐट! हायवेचं काम चाललं व्हतं तवा एक साहेब डब्यात राह्यचा. चाकाचा डबा. पलंग, खिडकी, सगळं. साहेब गेला, आन् आता त्यात कोंबड्या राहत्यात." बाबांनी कपबशी खाली ठेवली. "चाकं शाबूत आहेत का?" त्यांनी विचारलं. आत्याला वाटलं, भावाला कोंबड्या पाळायच्यात.

त्याच रविवारी आम्ही चांदवडला गेलो. खडीच्या ढिगाऱ्यामागे, धुळीनं पांढरा पडलेला तो ट्रेलर उभा होता. ॲल्युमिनियमचं अंग, दोन चाकं, पुढे जीपला जोडायचा लोखंडी दांडा आणि मागे जाडजूड बंपर. आत फळीचा पलंग, एवढासा ओटा, दोन खिडक्या. आणि वास, तो विचारू नका. आई दारात उभी राहून आत बघत होती. कोंबड्यांनी पलंगावर घाण केली होती, खिडकीची काच गेलेली होती, आणि आईच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. "इथे लसींचा डबा बसेल," ती ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली. सौदा आत्यानं केला. विरोध आपल्या जागी, पण भावाला कुणी फसवू नये.

बाबा त्याला 'ट्रेलर' म्हणत. ओझर-नाशिक जीप चालवणारे बाबांचे दोस्त रफिकभाई 'ट्राली' म्हणत. आत्या अखेरपर्यंत 'डबा' म्हणाली. वसाहतीत मात्र 'सुमनताईंचं घर' हे नाव पडलं, कारण तोपर्यंत आईच्या नावावर काहीच नव्हतं. तीन आठवडे बाबा ड्यूटी संपली की त्या ट्रेलरला भिडत. नवा पत्रा आणला, रिव्हेट ठोकले, आकाशी रंग दिला. त्यांचे दोन-चार सहकारी येत, चहा पीत आणि सल्ले देत. "आता याला दोन पंख लाव, हरसूलला उडतच जाईल," असं रोज कुणीतरी म्हणे आणि रोज सगळे हसत. बाबा कामात इतके रमले होते की त्यांची योजना वाढतच गेली. आईची नोकरी झाली, मी रिटायर झालो, की याच ट्रेलरमधून भारत फिरायचा, असं ते रंगाचा ब्रश हलवत सांगू लागले. आई म्हणे, आधी हरसूल तर येऊ द्या.

सायकलींचा प्रश्न शेवटी निघाला. आईच्या हाताखाली नऊ पाडे येणार होते, कुठे रस्ता, कुठे नुसती बैलवाट. सायकलशिवाय काम होणार नव्हतं आणि आईला सायकल येत नव्हती.

मग सुरू झाल्या त्या पहाटा. वसाहत उठायच्या आत, कुणी बघायच्या आत आम्ही तिघं मैदानावर जायचो. ओझरकडच्या बागांचा धूर मैदानावर उतरलेला असे, पलीकडचा गोलपोस्टही दिसत नसे, आणि आईला तेच हवं होतं. नऊवारी नाही, साधी पाचवारी साडी, पण निऱ्या कमरेला खोचलेल्या, वर बाबांचा स्वेटर, डोक्याला माझी कानटोपी. बाबा कॅरियर धरून मागे धावत. "पुढे बघ, चाकाकडे बघू नको! पुढे बघ!" धुरातून बाबांचा आवाज येई, मग धप्प, मग आईचं हसू. गुडघे सोलले, कोपर सोललं, बांगड्या फुटल्या. चौथ्या दिवशी बाबांनी कॅरियर सोडला आणि आई धुरात दिसेनाशी झाली. आम्ही दोघं थांबलो. बराच वेळ नुसता चेनचा आवाज ऐकू येत होता. मग ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, तोंड लालबुंद, आणि ओरडली, "थांबायचं कसं?"

थांबायला ती शिकली, पण चढायला शेवटपर्यंत नीट शिकली नाही. पायडलवर पाय ठेवून झोकात बसणं तिला जमेना. तिला उंच काहीतरी लागे. मैदानावर झेंड्याचा कट्टा होता, त्यावर उभं राहून ती सीटवर बसे आणि मग निघे. बाबा म्हणाले, "वाटेत कट्टे कुठून आणणार?" आई म्हणाली, "उतरणारच नाही."

तिच्यासाठी नवी लेडीज सायकल आली. पहिले पंधरा दिवस आम्ही तिघंही तिकडे राहणार होतो. माणसं तीन म्हणून सायकली तीन, असा बाबांचा सरळ हिशोब. आत सायकली ठेवल्या तर माणसं कुठे ठेवायची? मग त्यांनी मागच्या बंपरला अँगल वेल्ड केले, त्यावर तीन मोठे हुक बसवले आणि सायकली त्यांत अडकवून काथ्यानं आवळल्या. सगळ्यात बाहेर आईची, लालभडक. बाबा दहा पावलं मागे जाऊन ते दृश्य बघत राहिले. विमानाला रंग दिल्यावरसुद्धा त्यांना एवढं समाधान झालं नसेल.

मला आजही कळत नाही की त्यांना तेव्हा ते दिसलं कसं नाही. पंख समपातळीत आहे की नाही हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. घरातल्या फ्रेमासुद्धा ते बुडबुड्याची पाणसळ लावून, समपातळी बघून टांगत. पण घरचं कार्य असलं की माणूस कारखान्यातलं ज्ञान कारखान्यात ठेवून येतो, हेच खरं.

आईला मुदतीआधीच बसनं जाऊन हजर व्हायचं होतं. बाबा ऐकेनात. "घर घेऊनच हजर हो. लोकांना कळू दे, बाई राहायला आलीय." आणि घराचा शेवटचा रिव्हेट नेमका मुदतीच्या आदल्या संध्याकाळी बसला. म्हणजे निघायचा दिवस आणि हजर व्हायचा शेवटचा दिवस एकच.

सकाळी गुरुजी आले आणि दारातच अडले. "पूजा कसली करायची? चाकं आहेत, म्हणजे वाहनपूजा. पण राहणार म्हणता, म्हणजे वास्तू." यावर वसाहतीत दोन तट पडले. वास्तू धरली तर तोंड पूर्वेला हवं. बाबा म्हणाले, "गुरुजी, तोंड तुम्ही म्हणाल तिकडे फिरवतो, हेच तर या घराचं वैशिष्ट्य." शेवटी दोन्ही झालं. जीप जोडलेलाच ट्रेलर पूर्वेकडे तोंड करून उभा केला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. रफिकभाईंनी मागच्या बंपरला, सायकलींच्या हुकाखाली लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधली. "भाभी, गाडीला नजर मागून लागते," ते म्हणाले. मग आईनं आत स्टोव्ह पेटवला आणि नव्या घरात घालवतात तसं दूध उतू घालवलं.

दूध वर आलं, पातेल्याच्या काठावर थबकलं आणि सगळंच्या सगळं मागच्या बाजूला ओघळलं. पुढे एक थेंब नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या खास त्यासाठी चांदवडहून आली होती, तिचा विरोध आदल्या रात्रीपर्यंत टिकला होता. तीच पहिली ओरडली, "पश्चिमेला गेलं गं, सुमन! तुझं गाव बी पश्चिमेलाच हाय!" सगळ्यांना शकुन पटला. बाबांनाही पटला. दूध सांगत होतं की मागचं टोक खाली बसलंय, आणि आम्ही त्याला नमस्कार करत होतो.

वर आत्यानं आपल्या शेतातलं लाल कांद्याचं पोतं आणलं होतं. "डोंगरात काय मिळंल न मिळंल." ते आत ठेवायला एकच जागा उरली होती, पलंगाखाली, अगदी मागे.

नाशिक ओलांडेपर्यंत दुपार झाली. जीपमध्ये पुढे आम्ही तिघं दाटीनं बसलेलो, आईच्या मांडीवर नेमणुकीचं पत्र असलेली कापडी पिशवी. त्र्यंबक मागे पडलं, डोंगर जवळ आले. भात कापून झालेली खाचरं पिवळी पडली होती. रफिकभाई मधूनमधून आरशात बघत. घाटाचा उतार लागला आणि मागून एक धक्का आला. मग दुसरा, उलट्या बाजूनं. ट्रेलरची शेपटी हलायला लागली होती. आधी थोडी, मग जास्त. जीपचं ढुंगण ती डावीकडे ओढी, मग उजवीकडे. एका बाजूला दरी. "ब्रेक मारा!" बाबा ओरडले. "उस्ताद, ब्रेक मारला तर सगळेच जाऊ," रफिकभाई अगदी शांतपणे म्हणाले. त्यांनी नुसता पाय काढला आणि जीप हळूहळू डोंगराच्या कुशीला, चारीत नेऊन टेकवली. सगळं थांबलं. बंपरवरच्या तीन सायकलींच्या घंट्या तेवढ्या वाजत राहिल्या. 

बाबा खाली उतरले, मागे गेले आणि डोक्याला हात लावून रस्त्याच्या कडेला बसले. त्यांना आता दिसलं होतं. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. "विमानाच्या शेपटीला एवढं ओझं ठेवता का हो?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. बाबा म्हणाले, "नाही." एवढंच.

जीप सोडवून आईला पुढे न्यावं, तर दांड्याची पिन हिसक्यांनी वाकून बसली होती, निघेना. बस संध्याकाळी. रस्त्याला चिटपाखरू नाही. हरसूल अजून दहा-बारा किलोमीटर होतं, आणि ऑफिस साडेपाचला बंद. रफिकभाई हातोडा घेऊन पिनेला भिडले होते. बाबांनी काथ्या सोडून सायकली उतरवायला घेतल्या, निदान मागचं वजन तरी कमी होईल म्हणून. लाल सायकल खाली आली तशी आईनं तिचं हँडल धरलं.

"मी पुढे होते," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "अगं, घाट आहे."

"उतारच आहे ना? तुम्ही घर घेऊन या. मी हजर होते."

मी माझी सायकल घेतली. आई शेजारच्या मैलाच्या दगडावर चढली, पिशवी हँडलला अडकवली, सीटवर बसली आणि गेली. मागे वळून बघितलं तेव्हा तिसरी सायकलही उतरली होती, आणि हलकं झालेलं मागचं टोक वर उचललं गेलं होतं. बाबा कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन पुढच्या बाजूला चालले होते.

त्या दिवशी सरकारनं दर किलोमीटरला दगड का रोवलेत ते मला कळलं. उतारावर आई सुसाट जायची, कानटोपी मागे उडालेली. चढ लागला की उतरून आम्ही दोघी सायकली ढकलायचो आणि माथ्यावर पोचलो की आई डोळ्यांनी दगड शोधायची. दगड नसला तर मोरीचा कठडा. एका ठिकाणी दोन्ही नव्हतं, तेव्हा मी तिथे गुडघा पुढे करून बसले. ती म्हणाली, "लागेल तुला." मी म्हटलं, "चढ." मला त्या दिवशी आईचा इतका अभिमान वाटत होता की रडू येत होतं, आणि रडत सायकल चालवणं अवघड असतं.

साडेपाचला दहा कमी असताना आम्ही आरोग्य केंद्राच्या आवारात शिरलो. क्लार्कनी मफलर गुंडाळला होता, टेबलाला कुलूप लावायच्या बेतात होते. आईच्या साडीला चेनचं वंगण, केसांत धूळ. तिनं पत्र पुढे केलं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी आम्हाला, मग बाहेरच्या सायकलींना बघितलं. "कुठून आलात?" "ओझरहून." "सायकलवर?" आईनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रजिस्टरवर तिनं सही केली, अक्षर सुरेख आलं होतं. पुढे कित्येक वर्षं त्या केंद्रात ओझरहून सायकलवर आलेल्या बाईची गोष्ट सांगत, आणि आईनं ती कधीही दुरुस्त केली नाही.

दिवे लागायच्या वेळी घर आलं. पुढे रफिकभाईंची जीप बैलगाडीच्या चालीनं, मागे सरळ चालणारा ट्रेलर, आणि त्याच्या मागे आपल्या काळ्या सायकलवर बाबा. अख्खा घाट ते ट्रेलरच्या शेपटीवर नजर ठेवून सायकल मारत आले होते. आई रस्त्यावर उभी होती. तिनं फक्त मान हलवली, झालं म्हणून. बाबा सायकलवरून उतरले आणि सगळ्यांसमोर डोळे पुसले. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं.

पाड्याच्या तोंडाशी, एका मोठ्या आंब्याखाली ट्रेलर लागला. बाबांनी पुढे-मागे दगड लावून त्याला समपातळीत आणला, या वेळी पाणसळ घेऊन. लोक बघायला आले, अंग चोरून लांब उभे राहिले. आईनं कांदे वाटले. कांदे घेतले, पण पोरं कुणी आणेना. सुई तर पुढची गोष्ट, पोरांची वजनंही करू देईनात. आईकडे झोळीचा लटकता काटा होता, तो तिनं आंब्याच्या फांदीला बांधला. जनी नावाची एक नव्यानं बाळंत झालेली बाई लांबूनच म्हणाली, "पोर का कांदा हाय, तू जोखशील? नजर लागंल." तिकडे सगळेच सगळ्यांना एकेरीत बोलतात, त्यात मान-अपमान नाही.

आई तिला समजावत राहिली, पण उपयोग झाला नाही. मग एक दिवस जनी पोर छातीशी घेऊन ट्रेलरच्या मागून चालली होती आणि थांबली. बंपरला रफिकभाईंची लिंबू-मिरची सुकून लटकत होती, काळी बाहुली होती. जनीनं ते नीट बघितलं. वर सायकलींचे रिकामे हुक बघितले. "आठं बांध तुझा काटा," ती हुकाकडे बोट करून म्हणाली. "आठं नजर नाय लागायची."

आईनं मधल्या हुकाला काटा अडकवला. जनीच्या मुलीचं वजन भरलं पावणेदोन किलो. महिन्याच्या पोरीचं पावणेदोन किलो. आईचा चेहरा मला आठवतो. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी लाल सायकल काढून जनीच्या झोपडीकडे जायची, आणि दर बुधवारी जनी त्या मुलीला, मंजूला, घेऊन बंपरपाशी यायची. मग जनीच्या मागे दुसरी आली, तिसरी आली. पुढे बुधवारी बंपरवर बसायला जागा नसे. बाबा शनिवारी ओझरहून आले की आधी वही काढून कुणाचं किती वाढलं ते वाचत. शेपटीकडचं वजन वाढल्याचा आनंद झालेला फिटर जगात दुसरा नसेल.

या सगळ्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. बाबा रिटायर झाले. पाड्यावर दवाखान्याची पक्की इमारत झाली, शेजारी आईसाठी दोन खोल्या, नळ, ट्यूबलाइट. आई आता मोपेड चालवते, लाल सायकल मंजू शाळेला नेते. ट्रेलर रिकामा झाला तशी बाबांची भारत फिरायची योजना पुन्हा वर आली, आणि गेल्या शनिवारी आम्ही तो आणायला गेलो. रफिकभाई नव्या जीपसह आले. बाबांनी चाकांत हवा भरली, ती चक्क टिकली. मग दांडा जीपला जोडून त्यांनी जॅक लावून पुढचे-मागचे दगड काढले. आई म्हणाली, एक शेवटचा चहा इथेच करू.

आम्ही आत बसलो होतो. स्टोव्हवर दूध तापत होतं, आई कप विसळत होती. दूध वर आलं आणि सगळंच्या सगळं मागच्या बाजूला ओघळलं. पुढे एक थेंब नाही. क्षणभर आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. या वेळी शकुन कुणी म्हणालं नाही. बाबा ताडकन उठले. "मागे वजन आलंय!" आणि बाहेर धावले.

बंपरच्या मधल्या हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळून मंजू झोके घेत होती. शाळेचा ड्रेस, तेल लावलेल्या दोन वेण्या, शेजारी आडवी टाकलेली लाल सायकल. तिच्या मागे जनी उभी होती, आणि जनीच्या मागे दोन बाया, काखेत तान्ही पोरं. बुधवार नव्हता तरी आल्या होत्या. ट्रेलर नेतायत हे त्यांना कळलं होतं.

"बाय," जनी आईला म्हणाली, "गाडी नेलीस, त काटा कुठं बांधशील?"

"नव्या दवाखान्यात आहे की काटा. चांगला, भिंतीतला."

"तठं लिंबू-मिरची नाय," जनी म्हणाली.

मंजू अजून झोके घेत होती. प्रत्येक झोक्याला ट्रेलर मागे किंचित कलत होता आणि आत पातेलं खडखडत होतं. आई तिच्याकडे बघत होती, पावणेदोन किलोच्या त्या पोरीकडे. मग ती बाबांकडे वळली. भारत फिरण्याबद्दल तिला काहीतरी बोलायचं होतं, पण बाबांनी तिला बोलूच दिलं नाही. त्यांनी खिशातून पाणसळ काढली, काढून ठेवलेला दगड उचलला आणि मागच्या बाजूनं परत लावायला सुरुवात केली.